गोणीवरचे बावीस टक्के आणि बंद झालेला कडबा

पत्राचा गोषवारा: नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव काढून टाकलं आहे. वय चौतीस. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा घरी येतो. घरच्या आठ संकरित गाई त्या आणि सासरे (सगळे त्यांना आण्णा म्हणतात) मिळून सांभाळतात. आधी २० टक्के प्रोटीनची गोळीपेंड चालू होती, ५० किलोला १,४५० रुपये. दोन महिन्यांपूर्वी दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या चुलत दिरांनी २२ टक्क्यांची, १,७०० रुपयांची गोणी सुचवली. पैसे दहा दिवसांच्या बिलातून कापून जातात. गाईमागे सरासरी १२ लिटर दूध होतं, ते जेमतेम साडेबारा झालं. फॅट मात्र ३.८ वरून ३.२ वर आलं आणि ३.५ च्या खाली गेल्यामुळे दर कापला जाऊ लागला. दोन गाई उलटल्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. दीर म्हणतात, सोबत टॉनिक चालू करा. आण्णा म्हणतात, "गोण्या वाचून गाई दूध देत नाहीत, सरळ सरकी पेंड आणा." ताईंनी विचारलंय: लेबल खोटं आहे का, आता कोणती गोणी घेऊ, आणि घरातल्याच माणसाकडून माल घेताना हे विचारायचं कसं? सोबत दोन्ही लेबलांचे फोटो आणि गाईला काय किती घालतात याची यादी जोडली आहे.

ताई, यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. मला येणाऱ्या पत्रांत खुराकाचं नाव असतं, गोळीचा रंग असतो, गोणीवरच्या गाईचं वर्णनसुद्धा असतं. वैरणीचा पत्ता नसतो. तुम्ही लसूण घास (हिरवा चारा) किती, मका किती, सगळं किलोत लिहिलंय. आणि मध्येच एक ओळ आहे: "कडबा परवडेना म्हणून त्याच सुमारास बंद केला, त्याच्या जागी घास वाढवला, आण्णा तेव्हा कुरकुरत होते की पोटात कोरडं पाहिजे." ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. माझ्या लेखी अख्ख्या पत्रात तीच वजनदार आहे. पण विचारलंय लेबलबद्दल, तर आधी लेबल.

लेबल खोटं नाही. निदान फोटोवरून तरी तसं म्हणायला जागा नाही. लेबल खरं, दीरही खोटं बोलले नाहीत, आणि तरी गोणीमागे तुमचे २५० रुपये गेले.

लेबलवरच्या प्रत्येक आकड्याला एक बारीक शब्द चिकटलेला असतो, 'किमान' किंवा 'कमाल'. आपण आकडा वाचतो आणि तो शब्द सोडून देतो. प्रोटीन आणि तेल यांच्यापुढे 'किमान' असतं, म्हणजे एवढं तरी आहेच. पाणी, तंतू (फायबर) आणि राख यांच्यापुढे 'कमाल', म्हणजे याच्या वर नाही. तुम्ही विचारलंय की जुन्या गोणीवर राख ४ होती, नव्या गोणीवर ३ आहे, तर क्षार कमी झाले का? नाही झाले. ती 'आम्लात न विरघळणारी राख' आहे. खाद्य जाळतात, राख आम्लात उकळतात. कॅल्शियम, फॉस्फरस असे कामाचे क्षार विरघळून जातात आणि तळाशी उरते वाळू, माती, भाताच्या तुसातली सिलिका. ४ टक्के म्हणजे ५० किलोच्या गोणीत २ किलोपर्यंत वाळू, आणि तीही नियमात बसणारी! तेव्हा इथे नवी गोणी खरोखरच उजवी आहे. मी स्वतः कुठलीही गोणी हातात घेतली की आधी हाच आकडा शोधतो, कारण माल किती स्वच्छ आहे ते तो सांगतो आणि जाहिरातीत त्याला कुणी जागा देत नाही. घरी बघायचं असेल तर मूठभर गोळ्या काचेच्या ग्लासात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून वरचा लगदा हळूहळू ओतून द्या आणि तळाला उरलेलं बोटांत चोळा. करकर किती लागते ते दोन्ही गोण्यांचं ताडून पाहा.

आता प्रोटीन. लेबलवर 'क्रूड प्रोटीन' किंवा 'कच्ची प्रथिने' लिहिलेलं असतं, आणि त्यातला क्रूड हा शब्द शोभेचा नाही. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. योहान केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली ही पद्धत बसवली, तीही कोपनहेगनच्या एका बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. आजही तीच चालते, कारण ती स्वस्त आणि भरवशाची आहे. फक्त नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. कोल्हापुरी चपलेचा भुगा करून तपासायला दिला, तर त्यात तुमच्या दोन्ही गोण्यांपेक्षा जास्त प्रोटीन निघेल.

चपला कुणी दळत नाही, पण युरिया असतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. त्याला ६.२५ ने गुणलं की २८७ येतात. म्हणजे १०० किलो मालात एक किलो युरिया मिसळला की कागदावरचं प्रोटीन जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतं. हे वाचून दचकू नका. गाईच्या पोटातले जिवाणू युरियापासून खरोखर प्रथिनं बनवतात. त्यासाठी त्यांना सोबत मका किंवा मळीसारखी ऊर्जा लागते, एवढंच. एक टक्क्यापर्यंत तो चालतो. लहान वासरांच्या पोटात ते जिवाणू अजून जमलेले नसतात, त्यामुळे त्यांच्यापुढे असा खुराक कधीच नको. तुमच्याकडे दोन कालवडी चार महिन्यांच्या आहेत असं यादीत दिसतं. त्यांना मोठ्या गाईंच्याच घमेल्यातलं घालत असाल तर ते आजच थांबवा.

आता नव्या गोणीचा फोटो मोठा करून बघा. तक्त्याच्या खाली, शिवणीत अर्धी गेलेली एक ओळ आहे: 'वरील टक्केवारी शुष्क आधारावर'. म्हणजे खाद्यातलं पाणी पूर्ण काढून टाकल्यावर जे उरेल त्याच्या २२ टक्के. तुम्ही तर गाईला पाणी काढून घालत नाही. ११ टक्के पाणी धरलं तर १०० किलोत कोरडा माल ८९ किलो, आणि त्याचे २२ टक्के म्हणजे १९.६ किलो. जुन्या गोणीवर छापलंय 'आहे त्या स्थितीत २०'. म्हणजे जुन्या ५० किलोच्या गोणीत १० किलो प्रोटीन आणि नव्या गोणीत ९.८. एकीचं माप मीटरमध्ये, दुसरीचं वारात, आणि आपण आकडे शेजारी ठेवून भाव केला.

बरं, समजा दोन्ही एकाच मापाने मोजलेल्या असत्या. तरी फरक गोणीमागे एक किलो प्रोटीनचा, आणि त्याला मोजले २५० रुपये. तुमच्याच पत्रात सोयापेंड ४५ रुपये किलो आहे. चांगल्या सोयापेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे तेच एक किलो तिथे १०० रुपयांत पडतं. सगळा फरक प्रोटीनचाच धरणं नव्या गोणीवर थोडा अन्याय आहे. वाळू कमी, तंतू कमी, तेल अर्धा टक्का जास्त, याचेही पैसे असतात. पण तुम्ही ती घेतली होती ती २२ या आकड्यासाठी.

तेलाचं निघालं म्हणून सांगतो. गोणीवर 'फॅट ३ टक्के' बघून दुधाचं फॅट वाढेल असं वाटणं अगदी साहजिक आहे. शब्द तोच, केंद्रावर यंत्रात दिसतो तो. पण गोणीतलं तेल सरळ कासेत उतरत नाही. दुधातल्या फॅटचा मोठा हिस्सा कासेतच तयार होतो, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे पोटात वैरणीचे तंतू आंबून तयार होणारं ॲसिटिक आम्ल. फॅट हवं असेल तर कडबा, हिरवा मका, गवत. उलट तेल फार झालं तर तंतू पचवणारे जिवाणूच मरगळतात.

आणि लेबलवर जे नाही तेही बघा. दुधाला सगळ्यात आधी लागते ऊर्जा, आणि तुमच्या दोन्ही फोटोंत तिचा आकडा नाही. बऱ्याच गोण्यांवर नसतो. घटकांच्या यादीत 'धान्ये, पेंडी, कोंडा, चुनी, मळी, खनिजे' एवढंच मोघम असतं. मग अंदाजच बांधावा लागतो: तंतू आणि वाळू जितकी कमी, तितकी ऊर्जेला जागा जास्त. उत्पादनाची तारीख मात्र असलीच पाहिजे. तुमच्या दुसऱ्या फोटोत बॅच नंबराचा शिक्का फासला गेलाय आणि तारीख वाचता येत नाही. अशी गोणी पावसाळ्यात तरी परत करायची. बहुतेक गोळीपेंडीची मुदत ९० दिवसांची असते, आणि ओल लागली की त्याच्या आत बुरशी धरते. मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड यांवरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, आणि ते गाईच्या शरीरातून दुधात उतरतं. म्हणून खाद्यात ते किलोमागे २० मायक्रोग्रॅम आणि दुधात अर्धा मायक्रोग्रॅम याच्या वर नसावं अशी मर्यादा आहे. गोण्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून फरशीवर ठेवत असाल तर खाली फळ्या टाका आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

आता गोणी बाजूला ठेवू आणि गव्हाणीत बघू.

तुमच्या यादीप्रमाणे आधी एका गाईला रोज ४ किलो कडबा कुट्टी, १० किलो लसूण घास, १० किलो हिरवा मका आणि ६ किलो गोळीपेंड होती. आता कडबा शून्य, घास २० किलो, मका १० किलो आणि नवी गोळीपेंड ८ किलो, सकाळी चार, संध्याकाळी चार. ओल्या वैरणीचं वजन फसवं असतं. हिरव्या घासात आणि मक्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, कडब्यात आणि गोळीत १० टक्के. म्हणून सगळं कोरड्या मापात धरू. आधी कडब्याचे ३.६, घासाचे २, मक्याचे २ आणि गोळीचे ५.४, एकूण १३ किलो, आणि त्यात वैरण साडेसात किलोच्या वर. आता घासाचे ४, मक्याचे २, गोळीचे ७.२. एकूण तेच तेरा-सव्वातेरा, पण वैरण ६ किलो, आणि तीही सगळी कोवळी, लुसलुशीत. खुराक वैरणीच्या वर गेला.

याच हिशोबात प्रोटीन मांडू. कोरड्या मापात घासात २० टक्के, हिरव्या मक्यात ८, कडब्यात ४ असं ढोबळ धरलं तर आधी गाईच्या पोटात दिवसाला १.९ किलो प्रोटीन जात होतं. आता अडीच किलो जातंय. साडेचारशे किलोच्या, १२ लिटर देणाऱ्या गाईची गरज किती? दीड ते पावणेदोन किलो. म्हणजे प्रोटीन आधीसुद्धा कमी नव्हतं! तुमच्या गाईंना २० टक्क्यांचीच गोणी पुरून उरत होती, कारण तुमच्या शेतात लसूण घास आहे. लसूण घास असलेल्या गोठ्याला प्रोटीनचं दारिद्र्य सहसा नसतं.

मग जास्तीचं प्रोटीन जातं कुठे? पोटात त्याचा अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि तो लघवीतून आणि दुधातून बाहेर पडतो. हे करायला ऊर्जा खर्च होते, ती दुधातून वजा. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर नाकाला झणका लागतो का, ते एकदा बघा. गाई उलटण्यामागे बरीच कारणं असतात आणि पत्रावरून मी निदान करणार नाही. पण रक्तात युरिया चढलेला राहिला तर गर्भ टिकायला अडचण येते, हे खरं आहे. डॉक्टरांना गाय दाखवताल तेव्हा खाद्यातला हा बदल त्यांच्या कानावर घाला.

फॅटचं कोडंही इथेच सुटतं. कडबा म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे. कोरडी, राठ वैरण गाईला रवंथ करायला लावते. रवंथ करताना मोठ्या गाईला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते, त्या लाळेत सोडा असतो, आणि तो पोटातलं आम्ल आटोक्यात ठेवतो. कडबा गेला, रवंथ घटली, लाळ घटली. त्यात एका वेळी चार किलो खुराक पडला की आम्ल उसळी मारतं. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना ते सोसत नाही, ॲसिटिक आम्ल कमी बनतं आणि फॅट उतरतं. पत्रात तुम्ही शेण पातळ झाल्याचं लिहिलंय. दिरांनी त्यावर जंताचं औषध दिलं. जंत असतीलही, पण मी आधी कडब्याकडे बोट दाखवेन.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरी विसरलो होतो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याला फॅटसाठी महागडा खुराक लिहून दिला, फॅट आणखी घसरलं, मी खुराक वाढवून दिला. तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्याची म्हातारी आई म्हणाली, "डॉक्टर, औषध मागनं लिवा, आधी गाया रवंथ करत्यात का बघा." दुपारची वेळ होती. सहा गाई निवांत बसलेल्या, आणि त्यांतली एक रवंथ करत होती. तुम्हीही हेच करा. खाणं होऊन दोनेक तास झाले की गोठ्यात जा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एका घासाला किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठच्या पुढे गेलं तर ठीक, चाळिशीतच गिळत असेल तर वैरण कमी राठ आहे. वर शेणाचा एक गोळा पिठाच्या जुन्या चाळणीत धरून नळाखाली धुवा. मक्याचे दाणे, न पचलेली भरड दिसली तर तेवढे पैसे उकिरड्यावर चाललेत.

तर आता करायचं काय? माझं मत विचाराल तर जुनी २० टक्क्यांची गोणी परत आणा आणि कडबा परत आणा. एका गाईमागे कडबा ४ किलो (नसेल तर निदान ३, आणि जोडीला सोयाबीनचं किंवा गव्हाचं भुसकट, जे मिळेल ते), घास १२, हिरवा मका १०, गोळीपेंड ५ आणि मक्याचा भरडा १ किलो. प्रोटीन घासातून येतंय, ऊर्जा भरड्यातून येईल. आपल्याकडचा जुना ठोकताळा तुम्हाला ठाऊक असेल: अंगासाठी दीड किलो खुराक, वर गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम. १२ लिटरला सव्वासहा किलो होतात. तुमच्याकडे घास आहे म्हणून सहावर थांबलो. आठचा हिशोब मात्र कुठूनच लागत नाही. सहा किलो दोनाऐवजी तीन वेळा विभागून द्या आणि प्रत्येक वेळी आधी कुट्टी, मग खुराक. खनिज मिश्रण ५० ग्रॅम रोज आणि मीठ, हे चालू आहे, ते तसंच ठेवा.

हे सगळं एका दिवसात उलटंपालटं करू नका. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात. जुनी-नवी गोळी मिसळत रोज थोडी थोडी बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट. मागच्या वेळी तुम्ही कडबा काढला, घास दुप्पट केला, गोणी बदलली, खुराकाचं वजनही वाढवलं, सगळं एकाच आठवड्यात. मग दोष कुणाचा ते कळणार कसं? या वेळी आधी फक्त कडबा चालू करा, दहा दिवसांच्या बिलावरचं फॅट बघा, मग गोणीला हात लावा. सकाळ-संध्याकाळच्या दुधाचं फॅट मुळातच वेगळं येतं, म्हणून सकाळची तुलना सकाळशीच.

गाईचं वजन मी साडेचारशे धरलंय. ते टेपने पडताळा: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ७० आणि लांबी ६० आली तर ४४५ किलो. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं, पण नजरेच्या अंदाजापेक्षा बरं.

सरकी पेंडीबद्दल आण्णांचं पूर्ण चुकत नाही. सरकी पेंडीत तेल असतं, थोडे राठ तंतू असतात, आणि तिच्यातलं बरंचसं प्रोटीन गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात न विरघळता पुढे जातं. जुन्या लोकांनी भिजवलेल्या सरकी पेंडीच्या आंबोणावर चांगल्या गाई सांभाळल्या आहेत. पण टरफलासकट काढलेल्या सरकी पेंडीत प्रोटीन साधारण २२-२३ टक्के, टरफल काढलेलीत चाळिशीच्या घरात, आणि सुट्या मालावर लेबलच नसतं! गोणीवरचा आकडा निदान कुणाला तरी विचारता येतो. नुसत्या सरकीवर जायला माझी हरकत याच कारणासाठी आहे. गोळीपेंडीतली एक किलो कमी करून सरकी पेंड घाला, आण्णांचंही राहील आणि गाईचंही बिघडणार नाही. आणि कडब्याच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर होते, हे त्यांना सांगा बरं का. सुनेने असं सांगितलेलं सासऱ्यांना फार काळ पुरतं.

राहिले दीर. त्यांनी फसवलं असं गृहीत धरून बोलू नका, कारण मला तसं दिसत नाही. कंपनीच्या माणसाने त्यांना २२ सांगितले, त्यांनी तुम्हाला सांगितले. शिवणीतली ओळ त्यांनीही वाचली नसणार. "भाऊजी, ही टक्केवारी शुष्क आधारावर आहे का, आणि या बॅचचा तपासणी रिपोर्ट कंपनीकडून मागवता का? मला जुन्या गोणीशी ताडून बघायचंय," एवढंच म्हणा. चांगल्या कंपनीला रिपोर्ट द्यायला काही वाटत नाही. गोणीवर आयएसआयची खूण असेल, तर आयएस २०५२ हा मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांकही असतो. तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर ॲपवर टाकून परवाना चालू आहे की नाही ते फोनवरच दिसतं. शंका उरलीच तर अर्धा किलो नमुना, गोणीच्या वरून, मधून आणि तळातून घेऊन, तपासणीला पाठवता येतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या पशुपोषणशास्त्र विभागात फोन करून आधी चौकशी करा. टॉनिकला मात्र सरळ नाही म्हणा. खाण्याचा तोल गेलाय, बाटलीने तो सावरणार नाही, आणि त्या पैशांत कडबा येतो.

ज्यांच्याकडे हाच प्रश्न वेगळ्या दावणीला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. म्हशीला लिटरमागे ४०० नव्हे, ५०० ग्रॅम धरा. ज्यांच्याकडे घास नाही, नुसते उसाचे वाढे आणि कडबा आहे, त्यांनी वरचं सगळं वाचून २० टक्क्यांची गोणी घेऊ नये; त्यांच्या वैरणीत प्रोटीन खरंच तोकडं असतं आणि त्यांना जास्त टक्क्यांची गोणी किंवा सोयापेंड कामी येते. वाढ्यांमधल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियमही अडकून पडतं, तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नका. आणि मेंढ्या पाळणाऱ्यांनी गाईचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये. त्यातलं तांबं गाईला लागतं, मेंढीच्या यकृतात साचून तिला मारतं.

ताई, कडबा चालू केल्यावरच्या दोन बिलांचे आकडे मला पाठवा. सोबत नव्या फोटोत गोणीची शिवण उसवून तारखेचा शिक्का दिसेल असं बघा. कडबा कुणाकडे आणि काय भावाने मिळेल हे मला विचारू नका, आण्णांना विचारा. माझा अंदाज आहे की त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच कुठेतरी सांगून ठेवलं असेल.